काचेमागची पाटी

आमच्या आबांना गाडी चालवता येत नव्हती. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, काहीतरीच काय सांगतेस! कारण जुन्या हायवेवर कामशेत सोडलं की डाव्या हाताला जी दुमजली काचेची शोरूम दिसायची, तिचे मालक तेच. रोज तिथून नव्या कोऱ्या गाड्या हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून बाहेर पडायच्या आणि संध्याकाळी मालक रस्त्याकडेला उभे राहून सहा आसनी रिक्षाला हात करायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "माज्या बानं कदी नांगूर धरला व्हता का? पन बैल त्याच्यावानी कळायचा कुनाला?"

बा म्हणजे हेडी. बैलांचा दलाल. आठवडी बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्यामधे उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. आबा सात-आठ वर्षांचे असल्यापासून बापाच्या मागे बाजार हिंडले. शाळा किती झाली ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. कधी ते दहावी नापास सांगायचे, कधी दहावी पास. एकदा बँकेच्या साहेबापुढे तर 'कॉलेज सोडलं' असं ठोकून दिलं. मी शेजारीच उभी होते. साहेब गेल्यावर मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

"सोडलंच की," ते शांतपणे म्हणाले. "धरलंच कुटं व्हतं?"

मी अकरा वर्षं त्यांच्याकडे नोकरी केली. मी काही त्यांची भक्त नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. आमच्यातले काही जण अजून आबांचं नाव काढलं की डोळे पुसतात. मला ते जमत नाही. माझा त्यांच्यावर राग आहे, आणि त्या रागाला कारणही आहे. पण तो राग कळायला आधी माणूस कळायला हवा.

मला नोकरी लागली ती अक्षरावर. मी लोणावळ्याची. वडील रेल्वेत, मी बी.कॉम., सेकंड क्लास. तेव्हा शोरूमबिरूम काही नव्हती. पत्र्याची शेड, मुरुमाचं अंगण आणि अंगणात ओळीनं उभ्या केलेल्या चौदा जुन्या गाड्या. आबा चाळिशीचेही नसतील, पण सगळे त्यांना आबाच म्हणायचे. पांढरी सफारी, बोटात दोन अंगठ्या, खांद्यावर लाल काठाचा टॉवेल. मी फाइल पुढे केली ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. खालून एक दगडी पाटी काढली, शाळेतल्या मुलांची असते तसली, आणि पेन्सिल हातात दिली.

"लिव. क्लच जड हाय. मागलं दार आतून उगडत न्हाई. पयला मालक लय शौकीन व्हता."

मी लिहिलं. शुद्ध करून लिहिलं. त्यांनी पाटी लांब धरून, ओठ हलवत वाचली.

"अक्षर वाटोळं हाय तुजं," ते म्हणाले. "सोमवारपास्नं ये."

अशा त्या पाट्या. अंगणातल्या प्रत्येक गाडीच्या समोरच्या काचेमागे एक पाटी उभी असायची आणि पाटीवर त्या गाडीची खोड. किंमत नाही, मॉडेल नाही, कितवा मालक ते नाही. नुसती खोड. 'एसी आवाज करतो.' 'चढाला तापते.' 'अपघात झालेली आहे, डाव्या बाजूने.' 'हॉर्न कधी वाजतो, कधी नाही.' इकडे लोक जुन्या गाडीला पॉलिश मारून नवी करतात आणि आमच्याकडे धडधाकट गाडीचीही काहीतरी खोड शोधून काढायची. एका गाडीत शोधूनही काही सापडेना, तेव्हा आबांनी लिहायला लावलं, 'रंग आम्हाला आवडत नाही.'

हे सगळं बैलबाजारातलं. बैल मारका असेल, जुवाखाली बसत असेल, पाणी बघून बुजत असेल, ते सौद्याआधी सांगायचं, हा त्यांच्या बापाचा नेम. सौदा टॉवेलाखाली. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं हातात हात द्यायचा, वरून टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा. वर तोंडानं हवापाण्याच्या गप्पा. आजूबाजूच्या दहा माणसांना आकडा कळत नाही. जुळलं तर हात दाबायचा. पण हात आत जाण्याआधी घेणाऱ्यानं म्हणायचं, "खोड सांग," आणि विकणाऱ्यानं ती सांगायची. आबांनी बैल सोडले, गाड्या धरल्या, बाकी काही बदललं नाही. बिलावर आकडा छापून यायचाच, पण त्यांच्या तोंडून मी कधी किंमत ऐकली नाही.

पुण्याचे लोक बिचारे गांगरायचे. सॉफ्टवेअरमधल्या एका जोडप्याची गंमत आठवते. नवरा म्हणाला, पैशाचं हिच्याशी बोला. आबा परक्या बाईचा हात धरतील का? शक्यच नाही. आणि तोंडानं आकडा सांगतील? तेही शक्य नाही. पाच मिनिटं नुसते टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकत बसले. मग मला हाक मारली. मी त्यांना बाई वाटतच नसे, स्टाफ वाटे. माझा डावा हात त्यांच्या हातात, उजवा त्या बाईच्या हातात, आणि वरून एक सोडून दोन टॉवेल. ते दाबतील ती बोटं मी तिकडे दाबायची, ती दाबेल ती इकडे. मधेच मला खोकला आला आणि माझ्याकडून एक बोट जास्त दाबलं गेलं. सौदा तिथेच जुळला! आबा नंतर म्हणाले, "तू रोज खोकत जा."

खोटं बोलायला त्यांना एरवी काही वाटायचं नाही. जेवले नसले तरी 'जेवलो' म्हणायचे, घरी बसलेले असले तरी 'मुंबैला हाय' म्हणायचे. रजा मागितली की त्यांच्या कोणीतरी दूरच्या मावशी अत्यवस्थ व्हायच्या, म्हणजे आम्ही लाजून रजा परत घ्यावी. त्या मावशी अकरा वर्षं अत्यवस्थ होत्या. पण खोड लपवली नाही. तिथे माणूस सरळ होता.

आता टाकव्याच्या तात्यांबद्दल सांगायला हवं. टाकवे बुद्रुकचे. आबांच्या वडिलांकडून यांनी आयुष्यभर बैल घेतलेले. आबांनी गाड्यांचा धंदा सुरू केला तेव्हा भावकी हसली होती. हेड्याचं पोरगं मोटारी विकतंय म्हणून पारावर टिंगल चाललेली. तेव्हा पहिली जुनी जीप घेतली ती तात्यांनी. टॉवेलाखाली हात देऊन. तात्यांना अक्षरओळख नव्हती. ते अंगणात आले की एकेका गाडीपाशी थांबायचे आणि मला हाक मारायचे, "पोरी, वाच." मी पाटी वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे, पोथी ऐकावी तशी. चौदाच्या चौदा पाट्या ऐकायच्या, चहा प्यायचा आणि टोपी नीट करून घरी जायचं. गाडी घ्यायची नसली तरी महिन्यातून एकदा फेरी ठरलेली. आबा त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नसत.

आबा वर आले ते जमिनींमुळे. त्यांच्या नव्हे, लोकांच्या. मावळात जमिनीला भाव आला आणि कालपर्यंत गोठ्यात बैल असलेल्या माणसाच्या हातात एकदम पैसा आला. हा माणूस पुण्याच्या शोरूममधे गेला की तिथली टायवाली पोरं त्याच्या चपलांकडे बघायची. तो उलट्या पावली आमच्याकडे यायचा. आबा आधी चहा सांगायचे. मग गाव. मग घरात माणसं किती, म्हातारं कोण, त्याचे गुडघे कसे आहेत, घरापर्यंत डांबर आहे का. सगळं ऐकून झाल्यावर स्वतः उठून गाडी दाखवायचे. गाडी तपासायची त्यांची रीत अशी, की टायरला हात लावायचा, बॉनेटवर थाप मारायची आणि मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसायचं. मेकॅनिकनं गाडी तुंगार्लीच्या चढावर नेऊन आणायची. उतरल्यावर आबा सांगायचे ते मेकॅनिकच्या मशीनपेक्षा खरं निघायचं.

एकदा तिकोणा पेठेचा एक तरुण आला. गोरापान, गळ्यात जाड साखळी, आणि मनात लांबलचक, जमिनीला टेकलेली एक गाडी. पैसे रोख.

"न्हाई द्यायची," आबा म्हणाले.

"का पण? पैसे कमी आहेत का आबा?"

"पैसं लय हाईत. तुज्या घरची वाट कमी हाय. पवनेच्या कडंनं आत वळला की तिचं पोट घासंल. मंग तू मला श्या देशील."

"मी नाही देणार शिव्या."

"तुजी आय दिल."

पोरगं रागारागानं निघून गेलं. चार दिवसांनी आईला घेऊन आलं आणि उंच गाडी घेऊन गेलं. आई आबांना म्हणाली, "भाऊ, बरं झालं बगा." पुढच्या दोन वर्षांत त्या एका वाडीत आमच्या किती गाड्या गेल्या म्हणता!

हे कुठल्यातरी कंपनीच्या कानावर गेलं आणि त्यांनी आबांना नव्या गाड्यांची डीलरशिप देऊ केली. शेड पाडली. काच आली, ग्रॅनाइट आलं, एसी आला. उद्घाटनाला बँड. आबांना एसी सोसत नसे, ते ऐन मे महिन्यात मफलर गुंडाळून बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी फरशी बघितली आणि दारात चपला काढल्या. मालकानं काढल्या म्हणून गिऱ्हाइकांनी काढल्या. कंपनीचे एरिया मॅनेजर आले तेव्हा काचेच्या दारापुढे चाळीस-पन्नास जोड पडलेले आणि आत सगळी माणसं अनवाणी गाड्या बघताहेत. देवळात आल्यासारखं वाटलं असेल त्यांना! त्यांनी कपाळाला हात लावला.

टॉवेल कंपनीनं कसाबसा चालवून घेतला. पाट्या नाही.

"आबा, नव्या गाडीला खोड नसते," मॅनेजर म्हणाले.

"आसतीच. सापडाया येळ लागतो."

"पण लिहायची नाही."

पाट्या माझ्या टेबलाखालच्या कपाटात गेल्या. मला गोल फिरणारी खुर्ची मिळाली, साडीऐवजी कोट आला आणि 'रिसेप्शन' अशी पितळी पाटी मिळाली, माझी स्वतःची. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडलं होतं. त्या दगडी पाट्यांची भुकटी नखात जायची.

तात्या मात्र हिरमुसले. आले, काचेच्या आत फिरले, गाड्यांवर काहीच लिहिलेलं नाही हे बघून माझ्याकडे आले. "आता काय वाचायचं मंग?" म्हणाले. मी त्यांना कंपनीचं चकचकीत पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी मधेच डोळे उघडून विचारलं, "ह्यात खोड कुटं हाय?" आणि चहा न पिता गेले.

शोरूमच्या मागे ओढ्याकाठी आमचं स्टॉकयार्ड होतं. विकायच्या नव्या गाड्या तिथे उभ्या असायच्या. त्या वर्षी श्रावणात तीन दिवस असा पाऊस झाला की ओढा हायवेच्या मोरीत मावेना. सकाळी गेलो तर यार्डातल्या सात गाड्या पाण्यात. पार बुडाल्या नव्हत्या. पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर, सीटच्या खाली. दुपारी पाणी उतरलं. आबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकेका गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. डोळे मिटून. सातही गाड्यांत बसले.

कंपनीचा इंजिनिअर आला. गालिचे बदलले, वायरी तपासल्या, गाड्या उन्हात आणि पंख्याखाली सुकवल्या आणि त्यानं सही-शिक्क्यानिशी कागद दिला, की गाड्या विक्रीस योग्य आहेत. आता त्या वेळी आबांचं काय चाललं होतं ते सांगते. लोणावळ्यात दुसरी शोरूम हवी होती. जागा बघून ठेवलेली, राहतं घर त्यासाठी गहाण पडलेलं. मंजुरी त्या मॅनेजरच्या हातात, आणि मॅनेजरनं सांगितलेलं, या सात गाड्या दिवाळीच्या आत नव्या म्हणून जायला हव्यात आणि पाण्याचा शब्द कुठे निघता कामा नये.

मी दोन दिवस वाट बघितली. वाटत होतं, आबा येतील आणि म्हणतील, पाट्या काढ. ते माझ्या टेबलाजवळून चार वेळा गेले. माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "आबा, त्या सात गाड्यांचं काय?"

"कागुद हाय ना," ते म्हणाले.

सगळं बोलणं एवढंच. कागद होता. सहा गाड्या दसऱ्यापर्यंत गेल्या.

सातवी न्यायला तात्या आले. नातीचं लग्न ठरलं होतं. नात नर्स झालेली, तिला ड्यूटीवर जायला-यायला गाडी द्यायची होती त्यांना. म्हाताऱ्यानं ठेवणीतलं धोतर नेसलं होतं. आबा उठून उभे राहिले. मी बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी कारण काढतील, ही नको म्हणतील, दुसरी मागवू म्हणतील. पण दुसरी यायला महिना लागणार होता, आणि लग्न पंधरा दिवसांवर. मॅनेजर आतल्या केबिनमधे बसलेले. तात्या गाडीभोवती फिरले, मग वळून मला म्हणाले,

"पोरी, पाटी न्हाई व्हय हिला?"

"नव्या गाडीला पाटी नसते, तात्या," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. आबांनी नाही.

तात्यांनी हात पुढे केला. आबांनी टॉवेल टाकला. आणि आत हात गेल्यावर, नेमानं, तात्या म्हणाले, "खोड सांग."

"कोरी गाडी हाय तात्या," आबा म्हणाले. "कोऱ्या गाडीला कसली खोड?"

नारळ फोडला. पेढे वाटले. तात्यांनी मला लग्नाला बोलावलं. मी गेले नाही. डोकं दुखत होतं असं सांगितलं.

पौषात गाडी बंद पडायला लागली. कधी सुरू व्हायची, कधी नाही. एकदा रात्रपाळीला जाताना ती पोर भर थंडीत कान्हे फाट्याला तासभर उभी राहिली. गावातल्या मेकॅनिकनं खालची वायर काढली तर आत हिरवा गंज आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ. चिमूटभर. तो त्यानं कागदात बांधून तात्यांना दिला.

तात्या सोमवारी सकाळी आले. शोरूम भरलेली. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, आणि खरं सांगते, झाला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चपला दारात काढल्या, आत आले, ती पुडी आबांच्या टेबलावर ठेवली. उघडली नाही. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "टावेल टाक."

आबांनी टॉवेल टाकला. दोघं काही बोलले नाहीत. हवापाण्याचंही नाही. आम्हाला दिसत होता तो फक्त टॉवेल, आणि आबांचा चेहरा. तो एकदम उतरला. तात्यांनी हात बाहेर काढला, चपला घातल्या आणि ते गेले.

मी खूप दिवसांनी विचारलं, तात्यांनी आत काय केलं होतं?

"मूठ मिटली," आबा म्हणाले. "बाजारात मूठ मिटली म्हंजी संपलं. त्या मानसासंगं परत सौदा न्हाई. माज्या बाच्या हातात आख्ख्या जन्मात कुनी मूठ मिटली नव्हती."

पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "पाट्या काड."

सात पाट्या. मी लिहायला बसले. ते उभे राहून सांगत होते. "पान्यात उभी व्हती. ठाव व्हतं. सांगितलं न्हाई." मी शुद्ध केलं नाही. जसं बोलले तसं लिहिलं, सात वेळा. मग त्यांनी सातही गिऱ्हाइकांना फोन लावला, की गाडी परत आणा, दुसरी नेतो म्हणाल तर दुसरी देतो, पैसे म्हणाल तर पैसे.

आता यातही गंमत अशी, की पाच जणांनी आणल्या, तात्यांनी पैसे घेऊन त्यांची पाठवून दिली आणि एक जण आणीचना! लोणावळ्याच्या बाजारातले बेकरीवाले चाचा. "आबा, गाडी मस्त चाललीय, ॲव्हरेज देतेय, कशाला परत देऊ?" आबा बेकरीत जाऊन बसले. विनवण्या केल्या. चाचांनी त्यांना खारी खायला घातली आणि गाडी काही दिली नाही. शेवटी आबा पाटीच देऊन आले. ती पाटी अजून बेकरीत गल्ल्यामागे आहे, मी पाव आणायला जाते तेव्हा दिसते. माझं अक्षर. गाडीही अजून चालते.

बाकीच्या सहा गाड्या आबांनी शोरूमच्या पुढे, हायवेकडे तोंड करून उभ्या केल्या आणि काचेमागे पाट्या ठेवल्या. जाणारा-येणारा थांबून वाचायला लागला. कोणीतरी फोटो काढून सगळीकडे पाठवला. दोन दिवसांत मॅनेजर आले. केबिनचं दार बंद होतं, तरी आवाज बाहेर येत होता. "तुम्ही सांगताय काय, आबा? उद्या सगळ्या जिल्ह्यात लोक आमच्या नव्या गाड्यांचे गालिचे उचलून बघतील!"

"बगू द्या की," आबांचा आवाज.

उन्हाळ्याच्या आत डीलरशिप गेली. मग घर गेलं. लोणावळ्याची शोरूम कागदावरच राहिली. लोक म्हणाले, काय माणूस आहे, शब्दासाठी सगळ्यावर पाणी सोडलं. पारावर त्यांची टिंगल करणारेच आता हे बोलत होते. मला त्याचाच राग येतो. शब्द त्यांचा होता, त्यांनी राखला, चांगलं केलं. पण आम्ही अडतीस माणसं होतो तिथे. कोणाच्या घरात लहान मूल, कोणाचं घराचं कर्ज. आम्हाला कोणी विचारलं? आणि राखायचाच होता तर श्रावणात राखायचा होता, सात पाट्यांत भागलं असतं. शेवटच्या दिवशी मी त्यांना हे तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "व्हय." एवढंच. भांडायलाही मिळालं नाही.

मी लोणावळ्यात एका रिसॉर्टवर रिसेप्शनला लागले. तिथेही फिरणारी खुर्ची आहे. पाच वर्षं मी आबांकडे फिरकले नाही.

यंदा आईचे गुडघे फारच दुखायला लागले. दर आठवड्याला तिला तळेगावला न्यायचं, रिक्षा-लोकल-रिक्षा. जुनी का होईना गाडी घेऊ म्हटलं. चार ठिकाणी बघितल्या. सगळ्या झकपक, एकीतही म्हणे काही दोष नाही. शेवटी आई म्हणाली, तुझ्या आबांकडे जा की गं. मी चिडून म्हटलं, माझे कुठले आबा! आणि रविवारी गेले.

जुन्या हायवेलाच, वडगावच्या अलीकडे, परत पत्र्याची शेड. मुरुम. नऊ गाड्या. काचेमागे पाट्या, कुणाच्यातरी वेड्यावाकड्या अक्षरात. आबा म्हातारे दिसायला लागलेत, अंगठ्या नाहीत, टॉवेल तोच. मला बघून ते उठले. आत गेले, कोरी पाटी आणि पेन्सिल आणली आणि माझ्यापुढे धरली.

"दहाव्या गाडीची लिवली न्हाई आजून. पिकप हाय. कालच आली." मागे एक पिकअप उभी होती.

मी लिहिली. माझा राग संपला होता असं नाही, पण पाटी पुढे आली की हात चालतो. 'तिसरा गिअर अडतो. हौदा गंजला आहे. रेडिओ नाही.' पाटी काचेमागे ठेवतेय तोवर एक जीप येऊन थांबली. पुढच्या सीटवरून तात्या उतरले. नव्वदीला टेकलेले. हाताला नात धरून होती, तीच नर्स. शेतावरचं दूध न्यायला नातजावयाला पिकअप हवी होती, आणि आसपास विकायला ही एकच होती.

आबा जागेवरच उभे राहिले. ते इतके ताठ उभे मी कधी पाहिले नव्हते. पाच वर्षांत तात्या त्या फाटकाच्या आत आले नव्हते, हे मला नंतर कळलं.

तात्या पिकअपभोवती फिरले. काचेपाशी थांबले. मी पुढे झाले. सवयच ती.

"मी वाचते, तात्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं होतं, चांगलंच ओळखलं होतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नात वाचील."

नातीनं वाचली. माझं अक्षर होतं, तिला अडखळायचं काही कारण नव्हतं. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी बाजूला उभी होते आणि माझे कान तापले होते. पाच वर्षं मी आबांना बोल लावत होते आणि माझं ते एक वाक्य कोणाच्या लक्षात नसेल असं समजत होते.

"आजून?" तात्यांनी विचारलं.

"चढाला दम खाती," आबा म्हणाले. "आन् पयल्या मालकानं मासळी न्हेलीय हिच्यात. पावसात वास यील."

तात्यांनी मान हलवली. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढे केला. तात्यांनी आपले दोन्ही हात काठीवरच ठेवले.

"तोंडानं सांग," ते म्हणाले.

नात होती, मी होते, जीपचा ड्रायव्हर होता, रस्त्यावर थांबलेला एक दूधवाला होता. आबांनी आकडा सांगितला. सगळ्यांनी ऐकला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली पहिली किंमत. तोंडाला सवय नव्हती, त्यामुळे त्यांना ती दोनदा सांगावी लागली. तात्यांनी घासाघीस केली नाही. नातीला म्हणाले, "दे," आणि जीपमधे जाऊन बसले.

पिकअप गेली. आबांनी फाटक ओढून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"तुला कंची पायजेल?"

मी कोपऱ्यातली निळी दाखवली. पाटी मी आधीच वाचली होती. तरी त्यांनी ती सगळी परत तोंडानं सांगितली, पाटीवर नव्हतं तेही सांगितलं. आईचे गुडघे विचारले. घरापर्यंत चढ किती आहे ते विचारलं. मग टॉवेल झटकला आणि हात पुढे केला. मी क्षणभर थांबले आणि हात दिला. त्यांनी वरून टॉवेल टाकला.

"औंदा पाऊस बराय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

वरून टॉवेल अगदी स्थिर होता. आत ते माझं एक बोट धरायचे आणि सोडून द्यायचे, आकडा काही पुरा होईना. मी तो हात सोडला नाही.